म्हटले, लागले, गुणक

२ फेब्रुवारी, सोमवार

जुनी वही भरली, म्हणून ही नवी. रकाने तेच आखले आहेत: म्हटले, लागले, गुणक. एखाद्या कामाला किती दिवस लागतील असं माणूस म्हणाला, प्रत्यक्षात किती लागले, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की काय उरतं. नऊ वर्षं मी हे नेमाने लिहितोय. याचा गोषवारा दर तिमाहीला मॅडमना देतो. वही मात्र कोणी पाहिलेली नाही.

आज नवं काम सुरू झालं. बस डेपोचं ड्युटीपत्रक. चारशे ड्रायव्हर-कंडक्टर, दोनशे बारा ड्युट्या. कोणी कोणत्या दिवशी कोणती गाडी न्यायची हे डेपोतल्या एक बाई सतरा वर्षं पेन्सिल आणि खोडरबर घेऊन टेबलाएवढ्या कागदावर मांडतात. ते आता आमच्या सॉफ्टवेअरने मांडायचं.

मॅडमना सोळा आठवडे सांगितले. त्यांनी विचारलं, यात तुमचं किती? मी म्हटलं, थोडंसं. त्यांनी तेरा केले. मी वाढवून सांगतो हे त्यांना ठाऊक आहे, त्या कापतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कोणाचीच फसवणूक होत नाही. तारीख ठरली, ४ मे.

माणसं चार. मी धरून. झटपट, ज्याचं प्रत्येक कामाला उत्तर ‘अर्धा दिवस, सर’ असतं, गुणक २.६. नवी, जिला येऊन पाच महिने झाले, गुणक १.९. आणि काका, वय सत्तावन्न, निवृत्तीला दीड वर्ष, गुणक १.०.

एक पूर्णांक शून्य. सलग नऊ वर्षं. इतकं अचूक कोणी नसतं. माझा तर्क असा की काका काम ताणतात. आठ दिवस म्हटलं की सहाव्या दिवशी संपलेलं काम आठव्यापर्यंत मांडीवर घेऊन बसतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज पत्त्यांची बैठक. आमची पद्धत अशी: मी काम वाचून दाखवतो, प्रत्येक जण आपल्या गड्डीतून दिवसांच्या आकड्याचा एक पत्ता उपडा ठेवतो, आणि सगळे एकदम उलटतात. कोणी कोणाचं बघून बोलू नये म्हणून. ज्याचा पत्ता फार वेगळा, त्याने कारण सांगायचं.

काम होतं ‘ड्युटी बदल’. दोन ड्रायव्हरांनी आपसांत ड्युटी बदलून मागितली तर ती बदलून द्यायची. झटपट दोन, नवी तीन, मी तीन. काका तेरा.

कारण विचारलं. काका म्हणाले, त्या बाईंकडे जाऊन बसावं लागेल. मी म्हटलं, ते कोड लिहिणं नव्हे. ते म्हणाले, “कामात ते येतंच.” मी प्रमुख झाल्यापासून काका मला तुम्ही म्हणतात आणि वाद घालत नाहीत. पाचावर मिटवलं. काम झटपटच्या नावावर टाकलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

निरीक्षण: काका तीननंतर जागेवर नव्हते. गेल्या मंगळवारीही नव्हते. एरवीही साडेचारला डबा उचलून निघतात. मी साडेनऊला येतो तेव्हा ते येऊन बसलेले असतात खरे, पण किती वाजता येतात कोण जाणे.

घरी रात्रीचं जेवण मी करतो. लग्न झालं तेव्हा बायकोशी तसं ठरलं आणि मी ते पाळतो. आजचा वेळ वीस मिनिटं. ती रविवारी करते तेव्हा तिला तास लागतो. तिला हे मी एकदा आकड्यांसकट दाखवलं, तर म्हणाली, रविवारी आई भजनाला जातात. त्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. आई ओट्याशी उभी होती, तिला म्हटलं, तू बस, मी बघतो. भाजी चिरून झाकून ठेवलेली होतीच. फोडणी घालायला असा कितीसा वेळ लागतो?

१६ फेब्रुवारी, सोमवार

‘ड्युटी बदल’ पाच दिवसांत संपलं. पाच म्हटले, पाच लागले. झटपटच्या आयुष्यातला पहिला १.०. त्याचं अभिनंदन केलं, तर तो स्वतःच गोंधळल्यासारखा दिसला. काकांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं, तेरा म्हणणारेही होते आपल्यात. काका हसले.

नवीचाही गुणक १.२ वर आला. गेल्या महिन्यात मी भिंतीवर प्रत्येकाच्या कामाचा फलक लावला, त्याचा हा परिणाम दिसतो. एकच तक्रार आहे. काका आपली चाकांची खुर्ची ढकलत तिच्या टेबलापाशी नेतात आणि अर्धा-अर्धा तास तिथे बसतात. आज तीन वेळा. तिच्या कामात व्यत्यय येतो, आणि त्यांच्या कामाचं तर विचारूच नका.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी बोलावलं. प्रत्येक गटातून एक माणूस कमी करायचा असं वरून आलंय. ३१ मार्चपर्यंत. मला सहा तारखेपर्यंत नाव द्यायचंय, आणि नावाला आधार हवा. म्हणाल्या, “तुमच्याकडे तो तक्ता आहेच.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तक्त्याचं नाव काढलं. बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. त्यानंतर बरं वाटेनासं झालं.

२ मार्च, सोमवार

फेब्रुवारीत नावावर पूर्ण झालेली कामं: झटपट १९, नवी ११, काका ४.

दुसऱ्या बाजूने विचार करून पाहिला. मी या ऑफिसात आलो तेव्हा काकांच्याच हाताखाली होतो. तेव्हा ते मला अरे-तुरे करायचे. पहिलं वर्षभर मला काही म्हणता काही येत नव्हतं आणि तरी माझी कामं वेळेवर व्हायची. पण ती जुनी गोष्ट. शिवाय दीड वर्षाने ते जाणारच आहेत. झटपटला काढलं तर एकोणीस कामं जातात, काकांना काढलं तर चार. चार ही संख्या मी तयार केलेली नाही.

तरी दोनदा पुन्हा मोजलं. चारच.

६ मार्च, शुक्रवार

नाव पाठवलं.

१३ मार्च, शुक्रवार

काकांना आज मी स्वतः सांगितलं. मॅडम म्हणत होत्या पत्र जाईल, पण ते मला बरं दिसेना. छोट्या बैठकीच्या खोलीत बसलो. बोलायला काय काय लागेल याची मी तयारी केली होती, अर्धा तास धरला होता. चार मिनिटांत संपलं.

काकांनी एवढंच विचारलं, “ड्युटी बदल कोणाकडे राहील?”

मी म्हटलं, ते काम झालंय, काका. त्यांनी मान हलवली. मग हातातलं सगळं दुसऱ्यांना समजावून द्यायला किती दिवस मिळतील असं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या नावावर चार तर कामं आहेत, तीन दिवस पुरतील. काका उठून टेबलाशी गेले, गड्डीतून एक पत्ता काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. वीस.

मला हसू आलं. चार कामं समजावून द्यायला वीस दिवस! जाता जाताही ताणतात. मी तीनच दिले. पुढचे दिवस त्यांची शिल्लक रजा संपवायला उपयोगी पडतील असंही सुचवलं. त्यांनी रजा घेतली नाही.

३१ मार्च, मंगळवार

काकांचा शेवटचा दिवस. नवीने फुलं आणली होती. काकांनी आपला कप, पाठीमागची उशी आणि चष्म्याची जुनी डबी पिशवीत भरली. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. जाताना मला एक चिठ्ठी दिली. डेपोतल्या बाईंचा फोन नंबर, खाली लिहिलेलं: दर मंगळवारी तीन वाजता. फोनवर सांगत नाहीत, जाऊन बसावं लागतं.

चिठ्ठी वहीत ठेवली आहे.

७ एप्रिल, मंगळवार

झटपट: दोन म्हटले, सहा लागले. नवी: तीन म्हटले, आठ लागले. वडीलधारं माणूस जागेवरून उठलं की पोरं सैलावतात, तसा प्रकार दिसतो. उद्यापासून रोज सकाळी प्रत्येकाकडून आकडा घेणार.

झटपटने विचारलं, सर, ड्युटी बदलाच्या कोडमध्ये अकरा विचित्र अटी आहेत. मी तर लिहिलेल्या नाहीत. कोणत्याही कागदावर त्या मागितलेल्या नाहीत. काढू का? मी यादी चाळली. एक अट अशी की बिल्ला क्रमांक २१७ ची ड्युटी फक्त हॉस्पिटलच्या थांब्यावरच संपावी. आता याला काय म्हणायचं! मी म्हटलं, कोणी मागितलेलं नाही ते ठेवायचं नाही. साफ कर. अर्धा दिवस म्हणाला आणि खरंच अर्ध्या दिवसात केलं.

आई भावाकडे गेली आहे महिनाभर. आज जेवणाला एक तास वीस मिनिटं लागली. सुरी बोथट झाली असावी.

१० एप्रिल, शुक्रवार

नवी सुरी आणली. एक तास पंधरा.

१५ एप्रिल, बुधवार

नवीचा गुणक ३.१. तिला बोलावून शांतपणे कारण विचारलं.  ती म्हणाली, “सर, आधी मी अडले की खुर्ची यायची.”

मी म्हटलं, कसली खुर्ची? म्हणाली, काकांची. मी हाक मारायचे नाही. माझं टाइप करणं थांबलं की त्यांना कळायचं. येऊन बसायचे, काय झालंय विचारायचे, आणि मी सांगता सांगता मलाच सुचायचं.

 तिचा आकडा तूर्त पेन्सिलीने लिहिला आहे.

२० एप्रिल, सोमवार

आज डेपोत चाचणी. आमचं पत्रक आणि बाईंचं पत्रक शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं. मी पहिल्यांदाच तिथे गेलो. लांब, अरुंद खोली, तिच्या एका टोकाला जाळीची खिडकी. खिडकीशी सतत कोणीतरी उभं, ड्युटी कधी, रजा मिळेल का विचारत. बाई वर न बघता उत्तरं देतात.

आमचं पत्रक त्यांनी हातात घेतलं आणि पेन्सिलीने खुणा करायला लागल्या. मी मोजत होतो. चौतीस खुणा. एका ड्रायव्हरची ड्युटी रात्री बारा चाळीसला संपते आणि पुढची पहाटे पाच दहाला सुरू. बदलून घेतली म्हणून तशी लागली. पहिली ड्युटी आदल्या तारखेच्या नावावर असते, म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं की दुसरा दिवस आहे, माणूस झोपला असेल. बाई म्हणाल्या, साडेचार तासांत हा घरी जाऊन झोपून परत येणार, आणि साठ माणसं घेऊन घाट उतरणार. चांगलं आहे तुमचं.

मग म्हणाल्या, “हे सगळं मी तुमच्या काकांना सांगितलं होतं. दर मंगळवारी यायचे ते. गेल्या महिन्यापर्यंत पत्रक बरोबर येत होतं की.”

बिल्ला २१७ कोणाचा, मी विचारलं. एका कंडक्टर बाईंचा. त्यांची मुलगी त्या हॉस्पिटलात असते. ड्युटी संपली की सरळ तिच्याकडे जाता यावं म्हणून तीन वर्षं ती शेवटची फेरी त्यांना लागते. कागदावर नाही. खिडकीशी येऊन एकदाच बोलल्या होत्या.

२१ एप्रिल, मंगळवार

दिवसभर कोडचा इतिहास वाचला. कोणी, केव्हा, कुठली ओळ बदलली हे सगळं त्यात आपोआप नोंदलं जातं. मी तो कधी उघडला नव्हता. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

झटपटची फेब्रुवारीतली एकोणीस कामं. त्यातल्या चौदांवर, काम पूर्ण झाल्याची नोंद व्हायच्या आदल्या किंवा त्याच दिवशी, काकांच्या नावाने बारीक दुरुस्त्या. दोन ओळी, पाच ओळी. वेळ सकाळी आठ दहा, आठ वीस, सात पंचावन्न. नवीच्या अकरांपैकी नवांवर तसंच. मग मागे मागे गेलो. नऊ वर्षं मागे, मग वही सुरू केली त्याच्याही मागे गेलो. माझ्या पहिल्या वर्षातल्या कामांवरही होत्या.

माणसं वेळेवर काम संपवत होती असं मी इतकी वर्षं लिहीत होतो. त्यात माझंही नाव होतं. मला लाज वाटली. दुपारी जेवलो नाही.

मॅडमना सांगितलं की ४ मे जमणार नाही. त्यांनी विचारलं, मग किती? मी म्हटलं, उद्या सांगतो. काकांना परत घेता येईल का तेही विचारलं. नाव गेलं ते गेलं, म्हणाल्या, आणि आधार तुमच्याच तक्त्याचा होता.

२२ एप्रिल, बुधवार

काकांकडे गेलो. दुसरा मजला, जिन्यात चपलांचं लाकडी कपाट. काकूंनी दार उघडलं, पाणी आणून ठेवलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता आत गेल्या. त्यांच्या जागी मीही बोललो नसतो.

काका बाहेरच्या खोलीत स्टुलाचा पाय बसवत होते. मी सगळं सांगितलं. अकरा अटी मीच काढायला लावल्या तेही. काका स्टूल हलवून बघत होते. म्हटलं, जुनं उचलून परत चिकटवलं तर? ते म्हणाले, अकरा लिहून झाल्या होत्या, अजून सहा-सात आहेत. त्या बाईंना स्वतःलाही माहीत नाहीत. खिडकीशी कोणी आलं की निघतात. समोर बसलं तरच कळतं.

मी गड्डी नेली होती. काय म्हणून नेली होती माहीत नाही, सवयीने पिशवीत असते. काकांनी ती बघितली आणि हात पुढे केला. दोघांनी एकेक पत्ता उपडा ठेवला. उलटले. माझा वीस. त्यांचा तेरा.

मी विचारलं, काका, तुम्ही हे आधीच का नाही सांगितलंत?

“सांगितलं होतं,” काका म्हणाले. “तेरा म्हटलं होतं.”

 त्यांनी स्टूल सरळ करून ठेवलं, त्यावर बसून बघितलं. मग म्हणाले, “मी आता येणार नाही. ते बरंही दिसणार नाही आणि हिला चालणारही नाही. तू जा. वही घेऊन जा, पण रकाने आखू नकोस.”

तू म्हणाले. बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मॅडमना तेरा दिवस सांगितले, कामाचे. ११ मे. त्यांनी विचारलं, यात तुमचं किती? मी म्हटलं, काहीच नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. सात करू या म्हणाल्या. मी म्हटलं, तेरा. तीन वेळा तेरा म्हटलं. माझा आवाज चढला होता असं नवी नंतर म्हणाली.

३० एप्रिल, गुरुवार

लिहायला वेळ नाही. रोज दुपारी डेपोत. सकाळी आठला ऑफिसात. त्या वेळी तिथे कोणी नसतं आणि झटपटचं कोड शांतपणे वाचता येतं. त्याची हुशारी मला पूर्वी दिसली नव्हती. घाई तेवढी दिसली होती.

आज खिडकीशी एक ड्रायव्हर आला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, महिनाभर दिवसाची ड्युटी मिळेल का म्हणाला. बाईंनी नुसती मान हलवली. ही चौदावी अट.

५ मे, मंगळवार

आई परत आली. जेवण वीस मिनिटांत. नवी सुरी चांगलीच निघाली.

११ मे, सोमवार

सकाळी सहाला पत्रक लागलं. बाईंनी पेन्सिल हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकही खूण केली नाही. पेन्सिल कानामागे खोचली आणि खिडकीशी आलेल्याला उत्तर द्यायला लागल्या.

काका: तेरा म्हटले, तेरा लागले. गुणक १.०.

रात्री त्यांना फोन केला. काकूंनी उचलला. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, “देते.”

१२ मे, मंगळवार

मॅडमचा मेल. तिमाही संपायची वाट न बघता १५ एप्रिलनंतरच्या कामांचा गोषवारा त्यांनी या वेळी स्वतःच काढला, माझ्याच पद्धतीने. झटपट १.१, नवी १.०, दोघांचंही कौतुक. माझ्या नावापुढे: पूर्ण केलेली कामं, शून्य. दुपारी जागेवर नसणे, बारा दिवस. याचा खुलासा उद्यापर्यंत लेखी द्यावा. नावाला पुन्हा आधार लागेल असं कळतंय, असंही खाली एक वाक्य आहे.

मेल पुन्हा वाचला. तक्ता चुकीचा नाही. शून्य बरोबर आहे. तिसऱ्यांदा वाचताना नवीचं टाइप करणं थांबल्याचं ऐकू आलं, म्हणून खुर्ची घेऊन तिकडे गेलो. खुलासा राहिला.

तीनला डेपो. तिथलं लवकर आटपलं, म्हणून परत ऑफिसला न जाता सरळ घरी. साडेचारला मी घरी आहे असं याआधी कधी झालं होतं, आठवत नाही.

आई ओट्याशी बसली होती. पुढ्यात भाजी, निवडलेली एका बाजूला, निवडायची दुसऱ्या बाजूला, तीन झाकण्या पुसून उपड्या ठेवलेल्या. हातात जुनी सुरी. नवी सुरी धुऊन, पुसून, तिच्या खोक्यात परत ठेवलेली. तिचं म्हणणं, ती हाताला बसत नाही.

मी विचारलं, याला रोज किती वेळ लागतो?

ती म्हणाली, “कोणी मोजलाय?”

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आत आणली आणि तिच्या शेजारी बसलो.